जुना जी31 डेस्कटॉप: डीव्हीडी रायटर बदलू, की आधी बाकीचं बघू?

टायपिंगवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. कोर्टाजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वकील मोबाईलमधले व्हिडिओ, कॉल रेकॉर्डिंग, सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राइव्हवर आणतात आणि सीडी-डीव्हीडी मारून मागतात. एकेका प्रकरणाच्या तीन-चार प्रती. मशीन असं:

बोर्ड इंटेल जी31 चिपसेटचा, रॅमचे दोनच स्लॉट. प्रोसेसर कोअर 2 ड्युओ ई7400. रॅम डीडीआर2, 1 जीबीच्या दोन. हार्ड डिस्क 160 जीबी साटा, म्हणजे नव्या अरुंद केबलची. डीव्हीडी रायटर रुंद पट्टीच्या केबलचा, म्हणजे आयडीई. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) लोकल, वर 450 वॅट छापलंय. विंडोज 7, 32 बिट.

तक्रार अशी की 8एक्स स्पीड निवडूनही 4 जीबीच्या डीव्हीडीला 25-30 मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ माउससुद्धा अडकत अडकत चालतो. दहातल्या तीन डिस्क बाद. कधी सुरुवातीलाच 'पॉवर कॅलिब्रेशन एरर', कधी 70 टक्क्यांच्या पुढे जाऊन अडकतं. काही डिस्क इथे उघडतात, पण दुसऱ्या मशीनवर कोऱ्या दिसतात.

अख्खं मशीन बदलता येत नाही, कारण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे किल्लीसारख्या लावायच्या तुकड्यावर, चालतं आणि तो डोंगल प्रिंटर पोर्टात बसणारा जुना आहे. बजेट साडेतीन हजारांच्या आत. आधी काय घेऊ: रायटर, रॅम की एसएसडी?

सोल्डरगन

आधी काहीच घेऊ नका. तुम्ही तीन वेगळ्या तक्रारी एका दमात सांगितल्यात आणि तिन्हींची कारणं बहुतेक वेगळी आहेत.

वेळ लागतो आणि माउस अडकतो, ही पहिली. लक्षण सरळसरळ पीआयओ मोडचं आहे. रायटर नीट चालत असेल तेव्हा डेटा डीएमएने जातो, म्हणजे प्रोसेसरला मधे हात लावावा लागत नाही. केबल खराब असेल, पिन सैल असेल आणि काही चुका लागोपाठ आल्या, की विंडोज गुपचूप त्या चॅनलला पीआयओवर उतरवतं. मग प्रत्येक तुकडा प्रोसेसर स्वतः उचलून देतो. रायटरचा बफर साधारण 2 एमबीचा, तो रिकामा झाला की लेझर थांबतो, भरला की पुन्हा सुरू. पूर्वी याच कारणाने डिस्क थेट बाद व्हायची. आता रायटर थांबून पुन्हा जोडून घेतो, म्हणून तुमची डिस्क वाया न जाता नुसती रखडते.

तपासायचं असं: डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स' खाली एटीए चॅनल दिसतील. ज्या चॅनलवर रायटर आहे त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' हा टॅब. तिथे 'करंट मोड' समोर 'अल्ट्रा डीएमए मोड 2' किंवा त्याच्या वरचा मोड असला पाहिजे. 'पीआयओ' दिसलं तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, विंडोज तो नव्याने ओळखतं. दोन दिवसांनी परत पीआयओवर आला तर दोष केबलचा किंवा रायटरचा.

केबल 80 तारांची घ्या, लांबी 18 इंचांच्या आत. निळं टोक बोर्डात, काळं टोक रायटरला, मधलं राखाडी मोकळं. रायटरच्या मागचा जंपर 'मास्टर'वर. लाल रेघ असलेली कड रायटरच्या पॉवर सॉकेटच्या बाजूला येते. 8एक्सला सेकंदाला सुमारे 11 एमबी लागतात आणि डीएमए मोड 2 ची मर्यादा 33 एमबीची, म्हणजे आयडीई असूनही हा रायटर पुरतो. भरलेली डीव्हीडी 8एक्सवर आठ ते दहा मिनिटांत निघाली पाहिजे.

आणि हो, पेनड्राइव्हवरून थेट डिस्कवर मारत असाल तर ते बंद करा. आधी हार्ड डिस्कवर कॉपी, मग राइट.

पेठकर

एवढा व्याप कशाला मालक. यूएसबीचा बाहेरचा स्लिम रायटर घ्या, लावला की चालू. उद्या लॅपटॉपलाही लागतो.

सोल्डरगन

@पेठकर, अधूनमधून एखादी सीडी वाचायला तो उत्तम. रोज चार-सहा डिस्क मारणाऱ्या दुकानात नको. स्लिम रायटर डीव्हीडीला 8एक्सवर आणि सीडीला 24एक्सवर संपतो, पण खरा प्रश्न विजेचा. यूएसबी 2.0 पोर्टाची मर्यादा 500 मिलीअँपिअर, आणि लेझर-मोटर एकत्र चालताना स्लिम रायटर त्याच्या दुप्पट मागू शकतो. केबिनेटच्या पुढच्या पोर्टाला लावला तर आतली बारीक तार आणखी व्होल्टेज पाडते आणि रायटर राइटिंगच्या मध्येच गायब होतो. घ्यायचाच तर दोन यूएसबी टोकांची वाय केबल असलेला घ्या, दोन्ही टोकं मागच्या पोर्टात.

जी31 सोबत आयसीएच7 ही जोडचिप येते, तिच्यात साटाचे चार पोर्ट असतात. एकच वापरात आहे. अंतर्गत साटा रायटर सोडून बाहेरचा घ्यायचं कारणच नाही.

अक्कलकोट_रोड

दुसऱ्या तक्रारीवर, म्हणजे पॉवर कॅलिब्रेशनवर मी लिहितो.

राइट सुरू करण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या कडेला राखीव पट्टीवर लेझरची ताकद कमी-जास्त करून बघतो आणि त्या डिस्कला किती ताकद लागेल ते ठरवतो. ते ठरलं नाही की हा एरर. कारणं तीन: डिस्कचा रंगथर खराब, लेन्सवर धूळ किंवा लेझर थकलेला, आणि तिसरं, जे कुणी बघत नाही, एसएमपीएस.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. मोकळा असलेला चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर घ्या, काळी प्रोब काळ्या तारेवर, लाल प्रोब आधी पिवळ्यावर, मग लाल तारेवर. पिवळी 12 ची, लाल 5 ची. मोजायचं डिस्क राइट होत असताना. मशीन नुसतं चालू असताना सगळेच एसएमपीएस शहाणे असतात. 5 टक्क्यांची सूट धरतात, म्हणजे 11.4 आणि 4.75 च्या खाली आकडा गेला तर एसएमपीएस बदला. त्याच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा तपकिरी चिकट द्रव सांडलेला दिसला तर मीटरचीही गरज नाही. एसएमपीएस उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत मात्र पडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. लोकल मालावर छापलेला 450 हा आकडा फारसा मनावर घेऊ नये. हातात घेतल्यावर हलका लागला तर समजून जा.

सोलापुरात धुळीसोबत कापसाची तूस असते. चादरी-टॉवेलच्या कारखान्याच्या आसपास केबिनेट असेल तर हीटसिंकच्या पात्यांवर फॅनखाली फेल्टसारखा थर बसतो. वरून फॅन फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. फॅन काढून तो थर चिमटीने उचला, नुसता ब्लोअर मारलात तर आत आणखी घट्ट बसतो. ई7400 चा कूलर चार पुश-पिनवर असतो. बसवताना तिरक्या समोरासमोरच्या दोन पिना आधी, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक आवाज आला पाहिजे. बोर्ड मागून दिसत असेल तर चारही काळे खिळे पांढऱ्या पाकळ्यांतून पूर्ण बाहेर आलेत का बघा. एक पिन अर्धवट राहिली तर मे महिन्यात, बाहेर पारा 42-43 ला असताना, मशीन दुपारी दोनला आपोआप बंद पडणार. पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नाही.

लेन्ससाठी: रायटर बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घाला, ट्रे बाहेर येतो. स्लिम रायटरमध्ये लेन्स ट्रेवरच असते, मोठ्यात आत असते, म्हणजे झाकण काढावं लागतं. कानकाडीला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, लेन्सवर हलका स्पर्श, दाब अजिबात नाही. लेन्स स्प्रिंगवर तरंगते. स्पिरिट, सेंट, थिनर नको.

तरीही एरर आला तर लेझर गेला. तो बदलत बसण्यात अर्थ नाही, साटा रायटर घ्या.

सोल्डरगन

+1. फक्त साटा रायटर घेताना चार गोष्टी सांभाळा.

जुन्या बाजारातून घेत असाल तर मॉडेल नंबर वाचा. एलजीच्या नंबरात 'एनपी' असेल तर आयडीई, 'एनएस' असेल तर साटा. सोनीचा एडी-7200ए आयडीई, एडी-7200एस साटा. दुकानदार खोक्यावरून सांगतो, तुम्ही पाठ बघा: एल आकाराचे दोन चपटे सॉकेट म्हणजे साटा.

एसएमपीएसला साटाची पॉवर पिन नसेल तर मोलेक्स-टू-साटा तुकडा लागतो. त्यात दोन प्रकार येतात. एकात साटा टोक अखंड ओतलेल्या प्लॅस्टिकचं असतं आणि तारा थेट आत गेलेल्या असतात. हा घेऊ नका, आतल्या तारा एकमेकींजवळ सरकून शॉर्ट होतात आणि टोक वितळतं, कधी पेटतंही. दुसऱ्यात तारा मागून कापून बसवलेल्या दिसतात आणि वर निघणारी टोपी असते. हा घ्या.

स्क्रू. रायटरला आणि एसएसडीला बारीक आट्यांचा एम3 लागतो, हार्ड डिस्कला जाड आट्यांचा. डब्यातला हाताला येईल तो पिळलात तर पहिल्याच वेळी आटे जातात.

आणि साटा रायटर लावून विंडोजमध्ये दिसलाच नाही तर घाबरू नका, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) साटा मोड 'कंबाइन्ड' किंवा 'कंपॅटिबल' असेल. त्या मोडमध्ये सगळी मिळून चारच उपकरणं जुन्या दोन चॅनलांवर बसवली जातात आणि काही पोर्ट झाकले जातात. 'एन्हान्स्ड' करा. विंडोज 7 ला याने काही होत नाही. साध्या आयसीएच7 मध्ये एएचसीआय (साटाचा नवा मोड) नाहीच, त्यामुळे तो पर्याय शोधत बसू नका.

अक्कलकोट_रोड

रॅम-एसएसडीचं राहिलंच की.

एसएसडी हो. 240 किंवा 256 जीबीची पुरे. पोर्ट साटा 2 चा असल्यामुळे वेग सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास अडकेल, तरी जुन्या हार्ड डिस्कपुढे हा फरक डोळ्यांना दिसतो. आहे ते विंडोज क्लोन करणार असाल तर आधी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये डिस्कचा 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' बघा. 10,48,576 असेल तर उत्तम. 32,256 असेल तर ते एक्सपीच्या काळातलं पार्टिशन आहे, तसंच क्लोन केलं तर एसएसडीला प्रत्येक राइट दोन ब्लॉकांवर विभागून करावा लागतो. क्लोन करतानाच अलाइनमेंट दुरुस्त करून घ्या.

रॅम दोन 2 जीबीच्या, डीडीआर2-800. जी31 ची कमाल 4 जीबी. 32 बिट विंडोजला त्यातले सव्वातीनच्या आसपास दिसतील, त्यावर भांडू नका. बाजारात काही डीडीआर2 काड्या 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळतात, त्या इंटेल बोर्डावर चालत नाहीत. मशीन नुसतं बीप करतं. डीडीआर3 बसणार नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

64 बिटच्या मोहात पडू नका. प्रिंटर पोर्टाच्या डोंगलचा ड्रायव्हर 64 बिटचा आणि डिजिटल सही असलेला मिळाला तरच ते सॉफ्टवेअर उठेल.

विंडोज 11 चा विषय काढू नका, 24एच2 या आवृत्तीपासून त्याला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचना लागते आणि ती कोअर 2 ड्युओत नाही, बूटच होत नाही. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 7 चा 14 जानेवारी 2020 ला. म्हणून विंडोज 7 ची नेटची वायर काढा, त्यावर फक्त टायपिंग आणि डिस्क मारणं. पक्षकारांचे पेनड्राइव्ह त्यात थेट घालू नका. जुन्या 160 जीबीवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून ठेवा, पेनड्राइव्ह आधी तिथे उघडा. शॉर्टकटचा व्हायरस तिथे चालत नाही.

नस्ती_क्रमांक

तिसरी तक्रार, 'दुसरीकडे कोरी दिसते'. पैज लावून सांगतो: कोरी डिस्क घातल्यावर विंडोज जी खिडकी दाखवतं तिच्यात तुम्ही 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' निवडता. त्यात फायली ओढून टाकता येतात, सोपं वाटतं, पण डिस्क बंद होत नाही आणि जुना ड्राइव्ह ती वाचत नाही. कोर्टाच्या कामाला नेहमी दुसरा पर्याय, 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'. त्याहून बरं म्हणजे इमगबर्न हे डिस्क मारायचं सॉफ्टवेअर. शेवटची आवृत्ती 2013 ची आहे, पण काम चोख करते. त्यात 'फायनलाइज' (डिस्क बंद करणं) आणि 'व्हेरिफाय' (लिहिलेलं तपासणं) या दोन्हींवर टिक असू द्या. बसवताना सोबत येणारी नको ती सॉफ्टवेअरं नाकारा.

आता पुराव्याचं. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 हा 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा, लिहावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65बी सारखं आता नुसतं 'खरी प्रत' लिहून भागत नाही. प्रमाणपत्रावर सही कोणी करायची ते वकील ठरवतील, पण आकडा तुमच्या मशीनवर निघतो, म्हणून पद्धत पक्की हवी.

सेव्हन-झिप टाका. फाइलवर राइट क्लिक, सीआरसी-शा, शा-256. 64 अक्षरांचा आकडा येतो. तो कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा, हाताने टाइप करू नका. राइट झाल्यावर डिस्क बाहेर काढून परत घाला (नाहीतर विंडोज मेमरीतली प्रत वाचून समाधान मानतं) आणि डिस्कवरच्या फाइलचा हॅश पुन्हा काढा. जुळला तरच डिस्क द्या. शक्य असेल तर ही दुसरी तपासणी वेगळ्या ड्राइव्हवर करा. जो रायटर स्वतः थकलाय तो स्वतःचं लिहिलेलं वाचतो, दुसऱ्याला वाचता येत नाही.

फाइलचं नाव बदलल्याने हॅश बदलत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर बदलतो, कारण तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सीसीटीव्हीची फाइल 'डीएव्ही' वगैरे असेल तर तिची एमपी4 करू नका, तशीच ठेवा आणि त्या डीव्हीआरचा (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा) प्लेअर त्याच डिस्कवर टाका.

नावांची एक गंमत. डिस्कवर नावं लिहायच्या जोलिएट पद्धतीत फाइलचं नाव 64 खुणांपर्यंतच. देवनागरीत काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'प्रतिज्ञापत्र' दिसायला पाच अक्षरं, मोजणीत 13. लांबलचक मराठी नाव दिलंत की शेपूट कापली जाते आणि दोन फायली एकसारख्या नावाच्या होतात. नाव आटोपशीर ठेवा.

डिस्क: 700 एमबीच्या आत बसत असेल तर सीडी-आर. त्याहून मोठं तर डीव्हीडी-आर. 4.7 जीबी हा हजाराचा हिशेब, विंडोजला तीच 4.38 दिसते, आणि 4.2 वरच थांबा, बाहेरच्या कडेला रंगथर सगळ्यात खराब असतो. तुमची 70 टक्क्यांपुढची अडचण बहुतेक तिथलीच. 16एक्सची डिस्क 8एक्सवर मारा. 1-2एक्सवर आणखी चांगली निघेल हा गैरसमज आहे, आजच्या डिस्क त्या वेगासाठी बनवलेल्याच नसतात. आरडब्ल्यू डिस्क पुराव्याला कधीच नको, ती पुसता येते.

कागदी स्टिकर लावू नका. एका बाजूला वजन पडतं, वेगात डिस्क थरथरते. प्रकरण क्रमांक पाण्याच्या शाईच्या सीडी मार्करने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. कोऱ्या डिस्कचा डबा पत्र्याखालच्या फळीवर नको.

टायपिंगवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. तपासलं ते असं.

करंट मोड: पीआयओ. चॅनल काढून 80 तारांची केबल लावली, आता अल्ट्रा डीएमए मोड 2. तीच 4 जीबीची डीव्हीडी सव्वानऊ मिनिटांत, माउस मोकळा.

मीटर: राइट होताना पिवळी 11.2, लाल 4.68. एसएमपीएस बदलला, आता 12.0 आणि 5.03. कॅलिब्रेशनचा एरर कमी झाला, पण सहातली एक डिस्क अजून जाते. लेन्स पुसून झाली.

नस्ती_क्रमांक, पैज तुम्ही जिंकलात, तोच पर्याय निवडत होतो.

एसएमपीएसनंतर उरलेल्या पैशांत साटा रायटर किंवा एसएसडी, एकच बसतं. आणि रायटर घेतला तर जुना आयडीई तसाच जोडून ठेवू का?

नस्ती_क्रमांक

रायटर. टायपिंगला एसएसडी नसली तरी अडत नाही, कोर्टात डिस्क उघडली नाही तर अडतं.

सोल्डरगन

रायटर. जुना आयडीई राहू द्या, पण फक्त वाचायला: नव्याने मारलेली डिस्क त्याच्यात घालून हॅश तपासा. कोर्टातल्या जुन्या ड्राइव्हची रंगीत तालीम घरबसल्या होते. डिस्क वाचणंही बंद झालं त्याचं, की रायटरसोबत पट्टी केबलही काढा आणि बायोसमधून आयडीई कंट्रोलर बंद करा, नाहीतर मशीन सुरू होताना रिकाम्या चॅनलवर उगाच शोधत बसतं.

अक्कलकोट_रोड

आणि केबिनेट उघडंच आहे तोवर बोर्डावरचा सीआर2032 सेल मोजा. 3 च्या आसपास हवा, 2.7 च्या खाली असेल तर आत्ताच बदला. तो गेला की बायोसची सेटिंग्ज पुसली जातात, साटा मोड पुन्हा मूळपदावर येतो आणि नवा रायटर एका सकाळी गायब दिसतो. तारीखही मागे जाते, आणि मग डिस्कवरच्या फायलींवर 2008 ची तारीख बघून समोरचा वकील उभा राहतो.